प्रश्न क्रमांक दोनशे बारा

अनसिंग, जि. वाशिम
११ ऑगस्ट २०२५

मनवर सरांना अफ्रीनचा सलाम.

तुमी मले ओळखत नाही. म्हणजे एक डाव पाह्यलं होतं, पण ते तुमच्या ध्यानात असायचं कारण नाही. मी अनसिंगले बायकांचे कपडे शिवते. माहेर मानोऱ्याचं. वय एकेचाळीस.

काम असं आहे. कपड्याले कात्री लावायच्या आधी मी रद्दी पेपरवर माप काढून पेपर कापून पाहते. त्यासाठी दर महिन्याले रद्दीचा गठ्ठा आणते. मागच्या गठ्ठ्यात तुमचं पुस्तक आलं. 'मनवर सरांचे ५०१ प्रश्न', दुसरी आवृत्ती. मागच्या पानावर तुमचा इंझोरीचा पत्ता आहे, फोन नंबर नाही. म्हणून पत्र.

पुस्तकात प्रश्न क्रमांक २१२ असा आहे: चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू कोणती? उत्तर: चीनची भिंत.

हाच प्रश्न तुमी मले १९९७ च्या जानेवारीत मानोऱ्याले विचारला होता. तालुक्याची सामान्य ज्ञान स्पर्धा होती. तुमी परीक्षक, मी सातवीत. शेवटी दोघं जण बरोबरीत आलो, अन् हा निकालाचा प्रश्न होता. मी म्हटलं, "काहीच दिसत नाही." सगळे हसले. तुमी म्हणाले, "बस खाली." मी बसली.

आता गेल्या हप्त्यात पेपर कापताना एक बातमी दिसली. चीनचाच एक अंतराळवीर वर फिरून आला, लोकांनी त्याले भिंतीचं विचारलं, तं तो म्हणाला, "मला आपली भिंत". इथून पुढचा कागद बाहीच्या मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलाईत, कापला गेला होता. मी केरातले सगळे तुकडे जमवून पाह्यले. तो तुकडा सापडला नाही. दिसली म्हणाला का दिसली नाही म्हणाला, हे मले माहीत नाही.

तुमी शिक्षक आहात, तुमच्यापाशी साधनं असतील. ते वाक्य पुरं करून कळवा. 'दिसली' असन तं माझं काही म्हणणं नाही. 'दिसली नाही' असन तं मले त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र दुरुस्त करून पाहिजे. त्याले कोणते कागद लागतात ते लिहा. आधार कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

अफ्रीन शफीक अहमद


इंझोरी, ता. मानोरा
२५ ऑगस्ट २०२५

सौ. अफ्रीनताई यांना जय भीम.

आपले ११ तारखेचे पत्र मिळाले. आधार कार्डाची झेरॉक्स परत पाठवत आहे. ती अशी अनोळखी माणसाला पाठवू नये.

पत्र लिहिलेत हे योग्य केलेत. मला ऐकू येत नाही. कानाचे यंत्र आहे, पण ते शिट्टी वाजवते.

आपल्या मागणीबाबत माझे म्हणणे असे. ती स्पर्धा तालुक्यातल्या आम्ही तीन शिक्षकांनी मिळून घेतली होती. बाकीचे दोघे आता हयात नाहीत. स्पर्धेच्या नियमावलीत 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' असे कलम होते. ते मीच लिहिले होते. शिवाय त्या वेळी मानोरा तालुका अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. म्हणजे ज्या जिल्ह्यात आपण उत्तर दिलेत, त्या जिल्ह्यात आपण दोघेही आता राहत नाही. दुरुस्ती कोणत्या जिल्ह्याने करायची, असा प्रश्न उभा राहील.

भिंत हजारो किलोमीटर लांब आहे. इतकी लांब वस्तू दिसणारच. तो अंतराळवीर 'दिसली' असेच म्हणाला असणार. स्वतःच्या देशाची भिंत दिसली नाही असे जाहीरपणे कोण सांगेल? त्यासाठी वेगळा शोध घेण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

आपण शिवणकाम करता म्हणून एक माहिती देतो. शर्टाला आपण जे काज करता तो शब्द पोर्तुगीज आहे. त्यांच्या भाषेत त्याचा मूळ अर्थ घर. बटणाचे घर. इस्त्रीही त्यांचीच. अस्तर आणि पायजमा हे फारसी. कात्री मात्र आपली, संस्कृतातली.

माझी पत्नी भागिरथा म्हणते, "त्या बाईनं लिहिलं ते पुरं वाचा तं खरं." मी पुरे वाचले आहे.

आपला,
शेषराव मनवर
सेवानिवृत्त मुख्याध्यापक


अनसिंग
९ सप्टेंबर २०२५

मनवर सर, सलाम.

पत्र मिळालं. काज पोर्तुगीज आहे हे मी दुकानात सगळ्या बायकांले सांगितलं. एक जण म्हणाली, "मंग मले साधे हूकच लावून दे."

जिल्ह्याचं तुमी लिहिलं ते बरोबर आहे. पण जिल्हा बदलला म्हणून भिंत जाड होत नाही.

मी तेव्हा "काहीच दिसत नाही" काहून म्हटलं, हे तुमी विचारलं नव्हतं. म्हणून आता लिहून राह्यली. अब्बा मानोऱ्याच्या बाजारात मशीन घेऊन बसत. शाळा सुटली का मी त्यांच्यापाशी जाऊन बसे. हातातून रीळ निसटलं तं धागा उलगडत पार रस्त्याच्या पलीकडं जाई. एवढा लांब धागा, पण वीस-पंचवीस पावलं दूर गेलं का दिसत नसे. अन् त्याच रस्त्यावर पडलेली तळहाताएवढी चिंधी लांबून दिसे. म्हणजे दुरून दिसायले लांबी कामाची नाही, जाडी लागते.

भिंतीचं चित्र आमच्या वर्गात होतं. तिच्यावर पाच-सहा माणसं एका ओळीत चालत होते. म्हणजे आपल्या गाडीरस्त्याएवढी रुंद. मानोऱ्याचा गाडीरस्ता चंद्रावरून दिसत नसन, तं ती कशी दिसन? हे सगळं सांगायले मले अर्धा मिनिट लागला असता.

पहिला आला तो पोरगा माझ्या समोरच्या बाकावर होता. त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या धाग्यानं लावलं होतं. त्याचं आडनाव मनवर होतं. आपल्या भागात मनवर लय आहेत, म्हणून मी काही विचारत नाही.

तुमाले माहितीची आवड दिसते. ऑक्टोपस नावाच्या जनावराले तीन काळजं असतात. त्यातलं एक, तो पोहायले लागला का... इथं गळा कापला गेला. ब्लाउजचा. पुढचं मालूम असन तं लिहा.

अफ्रीन


इंझोरी
३० ऑक्टोबर २०२५

अफ्रीनताई, जय भीम.

उत्तराला सात आठवडे लागले. सोयाबीन काढणीचे दिवस होते, हे एक कारण. दुसरे असे, की आपले पत्र वाचून मी कपाटात ठेवले होते. ते भागिरथाने काढून माझ्या ताटाशेजारी ठेवले. मी पुन्हा कपाटात ठेवले. असे चार वेळा झाले.

शेवटी ती म्हणाली, "वाचून काय होते? रान मोकळं झालं. धागा घ्या अन् चला."

आम्ही काळ्या मातीवर दहा हात पांढरा धागा दोन खुंट्यांना ताणून बांधला. मी चष्मा लावून मागे मागे जात राहिलो. सव्वीस पावलांवर धागा दिसेनासा झाला. मग पन्नास हात लांब धागा बांधला. तोही सव्वीस पावलांवरच दिसेनासा झाला. मग भागिरथाने धाग्याशेजारी माझा हातरुमाल टाकला. तो मला शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून दिसत होता आणि पलीकडच्या रस्त्यावरूनही दिसत होता. ती तिकडून हात हलवून काहीतरी ओरडत होती. ऐकू आले नाही, पण काय म्हणत असेल याचा अंदाज आला.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा नागपूरहून आला. तो तिथे बँकेत आहे. त्याला आपली बातमी शोधायला सांगितली. त्याला मोबाइलवर एक मिनिटही लागले नाही. वाक्य असे पूर्ण होते: "मला आपली भिंत दिसली नाही." हा अंतराळवीर चंद्रावर गेलाच नव्हता. चंद्राच्या मानाने तो पृथ्वीच्या अंगणातच फिरत होता. तिथूनही दिसली नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, हे तं आता सगळ्याईले मालूम आहे."

मी म्हणालो, "मंग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुमाले ऐकू नाही आलं."

मी म्हणालो, यंत्र शिट्टी वाजवते. तो म्हणाला, "यंत्र दोन वर्षांपासून आहे बाबा. मी सांगितलं त्याले पंधरा वर्षं झाले."

आता दुसरी गोष्ट. तो मनवर माझाच मुलगा. प्रसेनजित. बटण मी लावले होते. त्या आठवड्यात भागिरथा माहेरी होती. मी आपला पहिला आक्षेप वाचला तेव्हाच मला हे आठवले होते. मी ते लिहिले नाही.

आणि तिसरी. स्पर्धेच्या वेळी पुस्तक छापलेले नव्हते. प्रश्नांची वही होती. माझे अक्षर बरे नाही म्हणून ती वही प्रसेनजितने स्वच्छ अक्षरात उतरवली होती. हे मी समितीला सांगितले नव्हते. समितीने विचारले नव्हते. परवा मी त्याला विचारले, "तुला ते उत्तर कसं आलं होतं?" तो म्हणाला, "पाठ होतं. पाचशेच्या पाचशे पाठ होते. त्या पोरीले एकबी पाठ नव्हतं, तरी ती माझ्या बरोबरीत आलती. मले तवाच कसंतरी वाटलं होतं."

त्यानंतर मी पुस्तक पहिल्या प्रश्नापासून तपासायला घेतले. आजपर्यंत एकोणीस उत्तरे चुकीची निघाली. भारताचा राष्ट्रीय खेळ मी हॉकी लिहिला आहे. तसा कोणताच खेळ सरकारने ठरवलेला नाही. बैल लाल रंगाला चिडतो असे लिहिले आहे. बैलाला लाल रंग धड ओळखताच येत नाही. हे भागिरथाला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी सारा जलम लाल लुगडं नेसून बैलाईले चारा टाकला. तुमी घरात विचारलं असतं तं पुस्तक कमी चुकलं असतं."

ऑक्टोपसचे: पोहायला लागला की ते एक हृदय बंद पडते. म्हणून तो पोहून लवकर थकतो आणि शक्यतो रांगतच जातो.

आपले उत्तर बरोबर होते. माझे चूक होते. आपण पुढे काय शिकलात, हे कळवावे.

शेषराव मनवर


अनसिंग
१२ नोव्हेंबर २०२५

सर, सलाम.

'मला आपली भिंत' इथवरचा तो पेपरचा तुकडा मी आरशाच्या कोपऱ्यात खोसून ठेवला होता. त्याच्यापुढं पेनानं 'दिसली नाही' लिहिलं. शफीक, माझे मालक, घड्याळं दुरुस्त करतात. ते म्हणाले, "अट्ठाईस साल में रिझल्ट लगा." मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं दहा महिने.

मले वाटलं होतं, असं पत्र आलं तं मी लय खूश होईन. त्या दिवशी मी दोन बाह्या उलट्या जोडल्या. उसवून पुन्हा जोडल्या तं पुन्हा उलट्याच.

मुलाचं तुमी सांगितलं ते बरं केलं. मले ते स्पर्धेच्या दिवशीच मालूम होतं. सगळ्या हॉलले मालूम होतं. जेवायच्या सुट्टीत तुमी त्याले तुमच्या डब्यातली पोळी दिली होती.

पुढं काय शिकली विचारलं. सातवीनंतर शाळा सुटली. अब्बांनी म्हटलं होतं का पहिली आली तं अकोल्याच्या स्पर्धेले मी स्वतः घेऊन जाईन अन् दहावीपर्यंत शिकवीन. मी दुसरी आली. उन्हाळ्यात मशीनवर बसली. बस, इतकंच. तुमाले बोल लावायले नाही लिहिलं. विचारलं म्हणून लिहिलं.

एक शंका. बायकांच्या शर्टाले बटणं डाव्या बाजूले अन् माणसांच्या उजव्या बाजूले, असं काहून? अठ्ठावीस वर्षं शिवून राह्यली, पण कोणीच सांगत नाही.

अफ्रीन


इंझोरी
६ जानेवारी २०२६

अफ्रीनताई, जय भीम.

आपले पत्र आल्यापासून मी नीट जेवत नाही, असे भागिरथाचे म्हणणे आहे. मी जेवतो. हळू जेवतो.

छत्तीस वर्षे नोकरी केली. घरातला शिकलेला पहिला मनुष्य मी. माझ्या वडिलांना पाटीवर स्वतःचे नाव काढता येत नव्हते. त्यांनी मला शाळेत घातले, आणि मी मोठा होऊन एका मुलीची शाळा एका प्रश्नात संपवली. "बस खाली" हे दोन शब्द नोकरीत किती वेळा म्हटले, याची नोंद कुठेच नाही. असती तर बरे झाले असते.

बटणांचे मी बरेच शोधले. कोणी म्हणतात, जुन्या काळी तिकडच्या श्रीमंत बायकांना दासी कपडे घालत, त्यांच्या सोयीसाठी. कोणी म्हणतात, पुरुषाला उजव्या हाताने तलवार काढायची असे, म्हणून. नक्की कोणालाच माहीत नाही. पूर्वी मी यातले एक निवडून छापले असते. आता आपल्याला लिहितो: माहीत नाही.

पुस्तकाच्या तीन आवृत्त्या मिळून हजारभर प्रती निघाल्या होत्या. त्यातल्या ज्या मिळतील त्या दुरुस्त करत आहे. लाल पेन घेऊन घरोघरी जातो. आतापर्यंत सतरा प्रती सापडल्या. रुपाबाईंच्या घरी एक प्रत पिठाच्या डब्याखाली टेकण म्हणून होती. ती काढली, एकोणीस जागी दुरुस्ती केली, आणि डबा हलत होता म्हणून पुन्हा खाली सरकवली. रुपाबाई म्हणाल्या, "आता तं डबा बी सरळ बसला, गुरुजी."

२६ जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर मला दरवर्षी दोन शब्द बोलायला सांगतात. या वर्षी मी आपल्याविषयी बोलणार आहे. आपले नाव घ्यावे की नाही, कळवा. आपण यावे अशी माझी आणि भागिरथाची इच्छा आहे. प्रसेनजितही येणार आहे.

शेषराव मनवर


अनसिंग
१५ जानेवारी २०२६

सर, सलाम.

नाव घेऊ नका. लग्नाचे दिवस आहेत, शिवायचे कपडे पडून आहेत. यायले जमणार नाही.

माह्यावरून इतकं काही बोलायची गरज नाही. भिंतीचं तेवढं सांगा अन् बसा.

जेवत जा.

अफ्रीन


इंझोरी
२९ जानेवारी २०२६

अफ्रीनताई, जय भीम.

कार्यक्रम झाला. आपण आला नाहीत, ते ठीक आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

झेंडावंदन झाले, कवायत झाली. मुख्याध्यापिका पौर्णिमा मॅडमनी माझी ओळख 'चालतेबोलते ज्ञानभांडार' अशी करून दिली. मी माईक हातात घेतला आणि मुलांना विचारले, "चंद्रावरून कोणती वास्तू दिसते?" अर्ध्या शाळेने हात वर केले. सगळे एका सुरात ओरडले, "चीनची भिंत!" इतक्या मोठ्याने, की मलाही ऐकू आले. गावात हे उत्तर कोणी पेरले, हे मला विचारायची गरज नव्हती.

मी त्यांना सांगितले की हे चूक आहे. मग मानोऱ्याच्या स्पर्धेचे सांगितले. धाग्याचे सांगितले. मग म्हणालो, "त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. मी तिला बसवलं, आणि त्यामुळे तिची शाळा सुटली. तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता. तो शब्द माझ्यामुळे मोडला." इथे यंत्र शिट्टी वाजवू लागले, म्हणून मला थोडा वेळ थांबावे लागले.

सरपंच घड्याळ पाहू लागले. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी उभी राहिली. काय म्हणते ते कळेना, म्हणून मी तिला जवळ बोलावले. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, तुमी तिले 'काहून' असं काहून नाही विचारलं?"

मी माईकवर म्हणालो, "मला माहीत नाही."

पौर्णिमा मॅडम तिला म्हणाल्या, "पुरे, बस खाली." मी म्हणालो, "बसवू नका." ती मुलगी कार्यक्रम संपेपर्यंत उभीच राहिली.

प्रसेनजित त्या स्पर्धेचा कप नागपूरहून घेऊन आला होता. त्याचे म्हणणे, तो कप आपल्याकडे पाठवावा. त्याच्या हाताने खोका बांधून झाला आहे. पोस्टात चौकशी केली; रजिस्टर बंद झाले, आता स्पीड पोस्टच आहे.

प्रमाणपत्र मी स्वतः लिहिणार आहे. समितीपैकी मीच उरलो आहे, तेव्हा सही माझी चालेल. 'प्रथम क्रमांक' असे लिहितो. फक्त नाव कोणते लिहू, ते कळवा. त्या वेळचे वडिलांचे, की आताचे पतीचे? कागद चांगला आणला आहे, एकच आहे, म्हणून चूक नको.

शेषराव मनवर


अनसिंग
६ फेब्रुवारी २०२६

सर,

मी आलती.

शफीकनं गाडीवर आणलं. मी गेटपाशी, पोरांच्या मायांच्या मागं उभी होती. भागिरथाबाईंनी मले पाह्यलं, पण ओळखलं नाही. मले म्हणाल्या, "उन्हात काहून उभ्या आहा? इकडं सावलीत या." मी सावलीत गेली. त्यांच्या शेजारीच उभी होती.

यंत्र शिट्टी वाजवत नव्हतं सर. तुमी रडत होते.

तेव्हा मी पुढं यायले पाहिजे होतं. आली नाही. कारण तुमी माईकवर सांगत होते ते खरं नव्हतं, अन् ते मीच तुमाले लिहून पाठवलं होतं.

खरं असं आहे. स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी आमच्या घरी दुसरी मशीन आली. जुनीच, पण तेल घालून पुसलेली. तिच्या खुर्चीवर अब्बांनी एक पाट ठेवला होता, कारण खुर्ची मोठ्या माणसाच्या उंचीची होती. मी विचारलं नाही कोणासाठी. पाट पाहूनच समजलं. अब्बाले एका डोळ्यानं दिसणं बंद झालं होतं, काज त्यांच्यानं होत नव्हते, अन् घरात आमी पाच जण. मी पहिली आली असती तरी उन्हाळ्यात त्या पाटावरच बसली असती.

अकोल्याचं अब्बा काही बोललेच नव्हते. दहावीचं बी नाही. ते मी मंग माझ्या मनानं जोडलं. पहिले एका मैत्रिणीले सांगितलं, लग्न झाल्यावर शफीकले सांगितलं, मंग आमच्या पोरीले. सांगता सांगता मले अब्बांचा आवाज बी ऐकू यायले लागला, "अकोल्याले मी स्वतः नेईन." तुमाले लिहितानाबी मले ते खरंच वाटलं होतं. तुमी माईकवर म्हणाले, "तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता," तेव्हा पहिल्यांदा ते मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. अन् मले समजलं का अब्बा असं कधीच बोलत नव्हते.

अब्बांवर राग धरता येत नव्हता. ते रोज समोर बसत, अन् त्यांच्या सुईत दोरा मीच ओवत होती. तुमी लांब होते. तुमच्यावर धरला. चांगला टिकला.

अब्बाले जाऊन चौदा वर्षं झाले. त्यांच्यावर मी कधीच रागावली नाही. त्या दिवशी शाळेतून घरी आल्यावर रागावली. एकटीच बसून, मोठ्यानं. शफीकनं दुकानाचं शटर खाली ओढलं अन् बाहेर उभे राह्यले. अर्ध्या तासानं संपलं. आता बरं वाटून राह्यलं.

तुमी शाळेत पुन्हा जाऊन सांगा का तिची शाळा तुमच्यामुळं सुटली नाही. तुमी फक्त उत्तर चुकीचं धरलं होतं. तेवढीच तुमची चूक, तिच्याहून मोठी करू नका. त्या सहावीतल्या पोरीले माझं नाव सांगितलं तरी चालन.

कप पाठवू नका. प्रसेनजितभाऊंनी पाचशे एक उत्तरं पाठ केले होते, ती बी मेहनतच आहे. 'प्रथम क्रमांक' लिहू नका. 'या विद्यार्थिनीचे प्रश्न क्रमांक २१२ चे उत्तर बरोबर होते' एवढंच लिहा, खाली सही करा, अन् तारीख आजची टाका.

नाव तेव्हाचंच लिहा: अफ्रीन बानो शेख रज्जाक, इयत्ता सातवी. रज्जाकमध्ये ज दोन आहेत. अब्बांच्या नावात लोक नेहमी एकच ज लिहीत, अन् ते कधी कोणाले बोलले नाही. तुमी बरोबर लिहा.

अफ्रीन